देवदूतांच्या भाषेची प्रुफं

बाबांना पक्षाघाताचा झटका येऊन सात महिने झाले होते, आणि मी इतकी थकले होते की नारायण पेठेतल्या प्रकाशकांनी फोनवर "देवदूतांच्या जादूवरचं पुस्तक आहे" असं सांगितलं तेव्हा मला हसूसुद्धा आलं नाही. "किती पानं?" एवढंच मी विचारलं.

"पानांचं सोडा हो. त्यात एक भाषा आहे, देवदूतांची. शेवटची कित्येक पानं नुसती अक्षरंच आहेत. ती तपासायला कोणी तयार होईना."

"म्हणून माझी आठवण झाली."

"तुम्ही आणि तुमचे वडील..." असं म्हणून ते थांबले. मग घसा साफ करून म्हणाले, "कागद पाठवून देतो. स्क्रीनवर तुम्ही बघत नाही, माहीत आहे मला."

"तुमचा विश्वास आहे का देवदूतांवर?"

"माझा वाचकांवर आहे. तोही हल्ली कमीच."

मी मुद्रितशोधनाची कामं करते. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, आणि एकही राहिली तर शिव्या खायच्या, असं हे काम. ते मी बाबांकडून शिकले. बाबा सरकारी छापखान्यात कॉपीहोल्डर म्हणून लागले. कॉपीहोल्डरनं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, आणि समोर बसलेल्या माणसानं छापलेल्या प्रुफावर डोळा ठेवून तो ताडून पाहायचा. वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं. स्वल्पविराम, कंस सुरू, कंस पूर्ण, नवा परिच्छेद. उभा जन्म बाबांनी शासकीय अधिसूचना अशा वाचल्या. घरात भांडण झालं तर आईला ते "पूर्णविराम" म्हणून गप्प करायचे, आणि आई "नवा परिच्छेद" म्हणून परत सुरू करायची.

निवृत्त झाल्यावर ते माझ्यासाठी वाचू लागले. येरवड्याच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, सकाळी दहा ते एक. ते वाचणार, मी प्रुफ बघणार. काही जुळलं नाही की मी टेबलावर नखानं दोनदा टकटक करायची आणि ते थांबायचे. तोंडानं "थांबा" म्हणायचं नाही, असा त्यांचा नियम होता. बोललं की ओळ हातची जाते, म्हणायचे. दुसरा नियम असा की लेखकाच्या मताला हात लावायचा नाही. "चूक असेल तर काढ. पटलं नाही म्हणून काढायला तू कोण?" हे मी किती वेळा ऐकलं असेल, गणती नाही.

आणि आता बाबा बोलत नव्हते. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा एकाच सकाळी गेली. उरला फक्त "दिबा". पाणी हवं तरी दिबा, नको तरी दिबा, मी चिडले की हळू आवाजात दिबा-दिबा. त्यात चढउतार सगळे होते, प्रश्न होता, राग होता, शब्द मात्र तो एकच. चहा हवा का विचारलं की मान हो म्हणून हलायची, आणि चहा नको ना विचारलं तरी हो म्हणूनच हलायची. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं, जीभ बाहेर काढायला सांगितलं. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, "कळत असेलही, नसेलही. सांगता येत नाही." एवढं तर मलाही माहीत होतं.

धाकटा भाऊ आयटीत आहे, हिंजवडीच्या बाजूला राहतो, एक रविवार सोडून एक रविवार येतो. वाईट नाही तो. पण रोज संध्याकाळी फोनवर विचारायचा, "काय म्हणतायत बाबा?" आणि मी सांगायची, "तुझी चौकशी करत होते", "आज जरा बरं आहे म्हणाले." काय सांगणार दुसरं? कात्रजला एक जागा त्यानं बघून ठेवली होती. अशा रुग्णांना ठेवून घेतात, नर्स असते, व्यायाम करून घेतात. "ताई, प्रॅक्टिकली विचार कर. तुझी पाठ गेलीय, झोप गेलीय. आणि त्यांना तसंही काही कळत नाहीये. त्यांच्यासाठी इथे काय नि तिथे काय."

त्यानं फॉर्म आणून दिला होता. मी तो भरलाही. "रुग्णाविषयी थोडक्यात" या रकान्यात लिहिलं: उजवी बाजू लुळी. बोलता येत नाही. समजत नाही. खाली "दाखल करण्याचे कारण" होतं. तिथे लिहिलं: घरी सांभाळणे शक्य होत नाही. आणि त्याच दिवशी, बाबांच्या पलंगाशेजारी उभी राहून, त्यांच्या पायजम्याची नाडी बांधता बांधता फोन खांद्यात धरून, मी भावाला म्हणाले, "ते आता नाहीतच रे इथे. नुसतं शरीर सांभाळतेय मी."

सही मात्र केली नव्हती. फॉर्म फायलीत ठेवला आणि देवदूतांचे कागद काढले.

आमच्या घरात देवदूतांना यायला तशी बंदीच होती. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडून दिले, आणि बाबांनी तो बंदोबस्त पुढे कडक चालवला. अंगारे-धुपारे नाहीत, मुहूर्त नाहीत, लिंबू-मिरची दिसली की स्वतः उतरवून कचऱ्यात. एकदा राशिभविष्याचं काम मी घेतलं तर बाबांनी ते सगळं वाचलं, पण अशा आवाजात वाचलं की वृश्चिक राशीपर्यंत मलाच लाज वाटायला लागली. तेव्हा या पुस्तकाला ते काय म्हणाले असते हे मला ठाऊक होतं. आता ते दिबा म्हणणार होते.

पुस्तक बरं होतं. इंग्लंडच्या राणीच्या दरबारात एक गणिती होता, साडेचारशे वर्षांपूर्वीचा. घरात एवढी पुस्तकं की लोक लांबून बघायला यायचे. माणसांची सगळी विद्या वाचून झाली आणि समाधान होईना, म्हणून त्यानं थेट देवदूतांनाच विचारायचं ठरवलं. गंमत अशी की त्याला स्वतःला देवदूत दिसायचे नाहीत. त्यासाठी त्यानं एक माणूस पदरी ठेवला. हा माणूस स्फटिकाच्या गोळ्यात बघायचा, दिसेल ते सांगायचा, आणि गणिती शेजारी बसून लिहून घ्यायचा. अशी त्यांनी वर्षानुवर्षं काढली, परमुलखातसुद्धा. देवदूतांनी त्यांना आपली भाषा दिली. तिला एकवीस अक्षरं. मोठमोठे तक्ते आखायचे, चौकटीचौकटीत अक्षरं भरायची, आणि देवदूत त्यातली एकेक चौकट दाखवत जाणार. काही मंत्र तर त्यांनी उलटे सांगितले, शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे, कारण सुलटे उच्चारले तर ते तिथल्या तिथे काम करू लागतील. गणिती ते पुन्हा सुलटे करून वहीत उतरवायचा.

वाचताना मला देवदूतांचं काही वाटलं नाही. मला त्या गोळ्यात बघणाऱ्याचं वाईट वाटलं. पुस्तकाच्या लेखकानं त्याला लबाड ठरवलं होतं. पूर्वीची कसलीशी भानगड त्याच्या नावावर होती, आणि भाषेची ठेवण बरीचशी इंग्रजीसारखीच निघाली, म्हणजे घरच्या घरी रचलेली. असेल. पण तो सारखा काम सोडून जायला निघायचा, हेही त्यात होतं. नको म्हणायचा, ओरडायचा, दोन दिवस रुसून बसायचा आणि परत गोळ्यासमोर येऊन बसायचा. शेजारी एक म्हातारा विद्वान लेखणी बुडवून तयार आहे, त्याला उत्तर हवंय, आणि आपल्याला समोर नुसती काच दिसतेय. सांगेल नाही तर काय करेल बिचारा? संध्याकाळचा भावाचा फोन आला आणि मी सवयीनं म्हणाले, "बाबा म्हणत होते, प्रमोशनचं काय झालं." फोन ठेवला तेव्हा माझीच मला किळस आली. सात महिने मी काचेत बघून सांगत होते.

शेवटची पानं आली तेव्हा खरी अडचण सुरू झाली. मराठी वाचताना डोळा अर्थाला धरून चालतो. इथे अर्थ नाही, त्यामुळे डोळ्याला धरायला काही नाही. एकीकडे मूळ हस्तलिखित, दुसरीकडे प्रुफ, आणि मध्ये माझी मान. चार अक्षरं बघून परत यावं तर कुठवर आलो होतो तेच सापडेना. त्यात अक्षरं जुळवणाऱ्याच्या कॉम्प्युटरनं मदत म्हणून काही देवदूती शब्द परस्पर इंग्रजी करून टाकले होते. तासाभरात दोन ओळी झाल्या. मी पेन फेकलं. हे एकट्यानं करायचं कामच नाही. एकानं वाचायचं, एकानं बघायचं, असंच ते होणार.

मग मी जे केलं ते काही सुचून केलं नाही. टेबलावर जागा नव्हती. बाबा चाकाच्या खुर्चीत शेजारीच होते. प्रुफाचा कागद पॅडला लावून मी त्यांच्या मांडीवर ठेवला आणि हस्तलिखितातून मोठ्यानं वाचायला लागले. माझं बोट प्रुफावर. ओ, एल, आर, झेड, शब्द संपला. एम, ए, डी. आवाज बाबांचाच काढला होता मी, सपाट आणि ठणठणीत. सहाव्या की सातव्या ओळीत खुर्चीच्या दांड्यावर टकटक झाली.

मला वाटलं हात थरथरला. डावा हात, चांगला. मी पुढे वाचत राहिले. परत टकटक, या वेळी जोरात, आणि मागोमाग "दिबा!" असा कडक, वैतागलेला. तो सूर मला तीस वर्षांपासून ओळखीचा होता. मी मागे जाऊन पाहिलं. प्रुफात एक अक्षर गळलं होतं.

त्या सकाळी बाबांनी अकरा चुका काढल्या. एकही टकटक वाया गेली नाही. मराठी त्यांची गेली होती, इंग्रजी गेली होती, पण ही भाषा कोणालाच येत नव्हती. मलाही नाही, प्रकाशकांनाही नाही. इथे आम्ही दोघं एका पातळीवर होतो. एकला स्वयंपाकाच्या मावशी जेवण घेऊन आल्या तेव्हा मी रडत होते आणि बाबा पुढच्या कागदासाठी दांडा वाजवत होते. "काय झालं?" मावशींनी घाबरून विचारलं. "काही नाही," मी म्हणाले. "उशीर होतोय म्हणतायत." हे मात्र मी रचून सांगितलं नव्हतं.

दोन आठवडे आमचं ते चाललं. नंतर मी त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली आणि ते वेड्यावाकड्या खुणा करायला लागले. टकटक, मग खूण. पाठ तशीच दुखत होती. चादरी तशाच बदलाव्या लागत होत्या, त्यांना उचलून बसवताना डोळ्यांपुढे तशीच अंधारी येत होती. आनंदानं थकवा कमी होतो असं जे म्हणतात त्यांनी कोणाला सात महिने उचललेलं नसावं. पण दहा वाजायची मी वाट बघायला लागले होते.

त्या गणितीचं पुढे काही झालं नाही. देवदूतांनी शेवटी असा काही हुकूम दिला, दोघांनी आपापल्या बायकाही सामाईक ठेवाव्यात असा, की भागीदारी मोडली. मंत्र वापरून बघितल्याची कुठे नोंद नाही. म्हातारपणी तो हलाखीत गेला. कागद एका पेटीच्या चोरकप्प्यात राहिले, आणि पुष्कळ वर्षांनी ती पेटी विकत घेणाऱ्यांना सापडले. त्यांच्या मोलकरणीला ते काय हे ठाऊक नव्हतं. तिनं त्यातले बरेच कागद स्वयंपाकघरात वापरून टाकले. उरलेल्यांवर नंतरच्या काळात लंडनमधल्या काही हौशी लोकांनी झगे घालून नवे विधी उभे केले. हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा झग्यांपाशी त्यांच्या डाव्या गालावर काहीतरी हललं. ते हसूच, असं मी धरलं.

रविवारी भाऊ आला. मी त्याच्यासमोर एक पान वाचलं, बाबांनी दोन चुका काढल्या. त्यानं ते पान उचलून दोन्ही चुका स्वतः ताडून पाहिल्या. मग मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाला, "ताई, ग्रेट आहे हे. खरंच. पण अक्षरं मॅच करणं म्हणजे समजणं नाही ना. सवय आहे ती त्यांची, चाळीस वर्षांची. मशीनसुद्धा करतं हे."

मी त्याच्यावर भडकले. पोहे तसेच टाकून तो गेला. पण रात्रभर मला तेच डाचत राहिलं, कारण त्याचं म्हणणं चूक आहे असं मला छातीठोकपणे सांगता येईना. अर्थ नसलेलीच भाषा होती ती. अर्थ कळतो हे तिच्यावरून कसं सिद्ध होणार?

सोमवारी मी फॉर्म काढला. "घरी सांभाळणे शक्य होत नाही" या ओळीवर पेन्सिलनं रेघ मारली. समजत असो नसो, नाही पाठवायचं, असं ठरवलं. ठरवलं म्हणण्यापेक्षा रेघ मारली. मग त्या जागी काय लिहायचं ते सुचेना, म्हणून तो परत प्रुफांच्या फायलीत तळाशी ठेवून दिला.

मंगळवारी शेवटचा कागद संपला. मी बाबांचं पाणी गरम करायला आत गेले. फाईल त्यांच्या मांडीवर होती. परत आले तेव्हा त्यांच्यापुढे फॉर्म होता आणि डाव्या मुठीत पेन्सिल.

"समजत नाही" या दोन शब्दांवरून आडवी रेघ गेली होती. वाकडी होती, पण पहिल्या शब्दाच्या पहिल्या अक्षरापासून सुरू होऊन पूर्णविरामासकट संपत होती. शेजारच्या कोऱ्या जागेत शेपटीवालं वेटोळं होतं. काढून टाका, अशी आमच्या धंद्यातली खूण. त्याआधीच्या "बोलता येत नाही" ला त्यांनी हात लावला नव्हता. ते खरंच होतं.

मी गुडघ्यांवर बसले. सात महिन्यांत मी या खोलीत काय काय बोलले होते ते एकदम सगळं आठवलं. ते इथे नाहीतच रे. नुसतं शरीर. मावशींशी, भावाशी, शेजारणीशी, त्यांच्या डोक्यावरून. मला माफी मागायची होती. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते फॉर्मवर पेन्सिल टेकवून टकटक करत होते, खाली बघ म्हणून.

खाली मी रेघ मारलेली ओळ होती. घरी सांभाळणे शक्य होत नाही. तिच्याखाली त्यांनी टिंबं दिली होती. एक, दोन, तीन, ओळीच्या टोकापर्यंत. कोणी चुकून काही खोडलं असेल तर त्याखाली अशी टिंबं देतात. खोडलेलं रद्द, मूळचं आहे तसं राहू द्या.

"बाबा, नाही," मी म्हणाले. "मी करेन. मी करतेय ना."

"दिबा," ते म्हणाले. हळू, समजुतीच्या सुरात. आणि पेन्सिल खाली ठेवून दिली.

मला काय वाटलं ते लिहिते, कारण नंतर बरंच काही सुधारून लिहायचा मोह होईल. मला आधी हायसं वाटलं. पाठीतून काहीतरी उतरलं. लाज त्यानंतर वाटली, आणि ती अजून आहे. त्यांनी संमती दिली, की फक्त नियम पाळला, चूक काढली आणि लिहिणाऱ्याच्या मताला हात लावला नाही, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. दर वेळी मान हो म्हणून हलली. ती तर नेहमीच तशी हलायची. भावाला फोनवर मी पहिल्यांदाच खरं सांगितलं. "बाबा काय म्हणाले ते मला माहीत नाही. त्यांनी काय लिहिलं ते वाचून दाखवते." तो पलीकडे रडला. आम्ही दोघांनी मिळून काही वेगळं ठरवलं असतं तर बरं झालं असतं. ठरवलं नाही. मी सही केली.

कात्रजच्या त्या जागेच्या ऑफिसात एक तरुण मुलगी कॉम्प्युटरवर होती. भाऊ बाहेर गाडी लावत होता. बाबा खुर्चीत माझ्या मागे, मांडीवर त्यांची पिशवी, पिशवीत पुढच्या पुस्तकाची प्रुफं. बुधवारी आणि शनिवारी दहा वाजता मी येणार, हे मी त्या मुलीला आधीच सांगितलं होतं. "कशासाठी मॅडम?" "कामासाठी," मी म्हणाले. तिनं फॉर्म घेतला, चुरगळलेल्या कडा बघून नाक मुरडलं आणि टाईप करता करता मोठ्यानं वाचायला लागली. पेन्सिलची रेघ फिकट होती. तिच्या लक्षात ती आली नसावी.

"उजवी बाजू लुळी. बोलता येत नाही. समजत नाही..."

माझ्या मागे खुर्चीच्या दांड्यावर टकटक झाली. दोनदा.

मुलगी वाचायची थांबली आणि आवाज कुठून आला ते बघायला लागली.

"तेवढं काढलंय त्यांनी," मी म्हणाले. "पुढचं तसंच राहू द्या."